टेबल बघायचं नाही

२०१६ च्या हिवाळ्यात दर शनिवारी, कोल्हापुरात रात्रीचे सव्वादहा-साडेदहा वाजले की आण्णांचा फोन यायचा. हॅलो नाही, जेवलीस का नाही, थेट प्रश्न, "काय केलं गं तुमच्या तालमीनं?"

तुमची तालीम म्हणजे लिंकन सिटी फुटबॉल क्लब. इंग्लंडात वरच्या चार लीग सोडल्या की पाचवी येते, तिचं नाव नॅशनल लीग, पण सगळे तिला नॉन-लीगच म्हणतात, आणि त्या पाचव्या पायरीवर हा क्लब २०११ पासून बसलेला. आण्णांना ते डिव्हिजन वगैरे सांगून उपयोग नव्हता, त्यांच्या हिशोबात पेठेची असते ती तालीम आणि पोरगी ज्या गावात राहते तिथली टीम ती पोरीची तालीम. मी म्हणायचे, जिंकली. "परत?" परत. "मग काय, गुलाल आपलाच!"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. कारण तासाभरापूर्वीच ग्राउंडवर माझ्या शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मी फोनवर पॉइंट्स टेबल उघडलेलं बघून स्क्रीनवर अख्खा पंजा ठेवला होता. जाडजूड हात, तर्जनीचं वरचं पेर नाही, ते लेथवर गेलेलं. म्हणाले, "टेबल बघायचं नाही, डक. निदान मार्चपर्यंत तरी नाही." (तिकडं लाडानं सगळ्यांना डक म्हणतात, बाईला, बाप्याला, दुकानातल्या गिऱ्हाइकाला.)

मी गॅस टर्बाइनच्या कामासाठी तीन वर्षं लिंकनमध्ये होते. पूर्व इंग्लंडातलं लाखभर वस्तीचं गाव, आजूबाजूला सपाट शेतं आणि मधेच एक टेकडी, तिच्यावर हजारेक वर्षांचं कॅथेड्रल, जे ग्राउंडवरूनही दिसतं. टेकडीच्या पायथ्याशी कारखाने आणि त्यांच्या पलीकडं सिन्सिल बँक, म्हणजे क्लबचं ग्राउंड. आजोबा सोळाव्या वर्षी रस्टनच्या कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच रिटायर झाले. हे नाव ऐकलं तेव्हा मी उडालेच. रस्टन अँड हॉर्न्सबी! आमच्या आजोळच्या गुऱ्हाळाला रस्टनचंच इंजिन होतं, आण्णा अजून त्याच्या पिस्टनच्या ठोक्याची नक्कल करून दाखवतात, आणि त्याच्या पितळी पट्टीवर लिंकन, इंग्लंड असं कोरलेलं असायचं हे त्यांना पाठ. मी ते शेजारच्या आजोबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चालायचं का नीट?" मी म्हटलं चाळीस वर्षं चाललं. त्या दिवसापासून आमची ओळख पक्की झाली.

खरं सांगायचं तर मी फुटबॉलच्या गावची असून फुटबॉलच्या ग्राउंडवर पहिल्यांदा नीट बसले ती लिंकनमध्ये. कोल्हापुरात केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची फुटबॉल लीग सुरू झाली की आण्णा आणि दादा शाहू स्टेडियमवर जायचे, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची, पण मुलींना कुणी मॅचला नेत नसे. मी गच्चीवर उभी राहून आवाज ऐकायचे. वारा आपल्या बाजूचा असला तर गोल झालेला कळायचा, कुणाचा ते मात्र दादा घरी आला की त्याच्या शर्टावरून. शर्ट गुलाबी म्हणजे आपण. आमच्याकडं आशा ही ओरडायची गोष्ट आहे. मॅचच्या आधीच चौकात पोरं सांगत सुटतात, यंदा आपलाच नाद, गुलाल आपलाच, आणि हरले तरी पुढच्या मॅचला तेच, तितक्याच जोरात. त्यामुळं लिंकनची माणसं सुरुवातीला मला कळेचनात. टीम जिंकत सुटलीय आणि ही माणसं आवाज खाली करून बोलतायत. दुखणाइताच्या खोलीबाहेर बोलतात तसं, बरं वाटतंय म्हणे, पण बोलू नका मोठ्यानं.

हे समजायला मला आजोबांची यादी ऐकावी लागली. एका मॅचमध्ये नाही, हळूहळू, हाफ टाइमला बोव्हरिलचा (बीफच्या अर्काचं तिकडचं पेय) गरम कप हातात धरून, एकेक.

पहिलं १९८७. त्याआधी चौथ्या डिव्हिजनमध्ये तळाला आलं तरी बाकीचे क्लब मतं देऊन ठेवून घ्यायचे, त्या वर्षीपासून नियम बदलला, शेवटचा आला तो सरळ लीगबाहेर. ९ मे, सीझनचा शेवटचा दिवस. त्या सकाळी तळाला बर्नली होती, लिंकन नव्हती. लिंकन स्वान्सीला जाऊन २-० हरली. बर्नली आपली मॅच जिंकली. तरी लिंकन वाचणार होती, कारण टॉर्की, तळाजवळचीच तिसरी टीम, घरच्या मैदानावर क्रूकडून २-१ नं मागं होती आणि मॅच संपत आलेली. तेवढ्यात पोलिसांचा एक कुत्रा, ब्रिन त्याचं नाव, टॉर्कीच्या खेळाडूला आपल्या पोलिसावर धावून येतोय असं वाटून त्याच्या मांडीला चावला. औषधपाणी करण्यात मिनिटं गेली, ती मिनिटं रेफरीनं वाढवून दिली, आणि त्या वाढीव वेळात टॉर्कीनं बरोबरीचा गोल केला. टॉर्की आणि लिंकनचे पॉइंट्स सारखे, गोल फरकात टॉर्की वर. असा नियमानं लीगबाहेर गेलेला पहिला क्लब लिंकन सिटी. मी पहिल्यांदा ऐकताना हसणार होते, कुत्र्यामुळं कुणाचं नशीब फिरतं का, पण आजोबांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि हसू आलंच नाही. ते त्या दिवशी स्वान्सीला होते. तिथून लिंकनपर्यंत बसमध्ये कुणी बोललं नाही म्हणाले, आणि त्यांच्या बोटानं कपाच्या कडेवर उगाच एक गोल काढला.

पुढच्याच वर्षी टीम परत वर आली. मग २००२ मध्ये पैसे संपले, टीव्हीवाल्यांचा करार बुडाला आणि खालच्या डिव्हिजनमधले कितीतरी क्लब त्यात बुडायला आले, तेव्हा गावानं डबे फिरवून क्लब वाचवला. आणि मग प्ले-ऑफची ती पाच वर्षं. (प्ले-ऑफ म्हणजे सरळ वर जाणाऱ्यांच्या मागच्या टीमांची, वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीची बाद फेरी.) ही पाच वर्षं ते बोटांवर मोजायचे, एका हाताची पाच बोटं, तुटक्या पेरासकट. २००३, फायनल, बोर्नमथकडून ५-२. २००४, सेमी, हडर्सफील्ड. २००५, परत फायनल, साउथएंड. २००६, सेमी, ग्रिम्सबी, ते तर शेजारचं गाव. २००७, सेमी, ब्रिस्टल रोव्हर्स. सलग पाच वर्षं प्ले-ऑफपर्यंत पोचायचं आणि सलग पाच वर्षं तिथंच हरायचं. त्यातल्या दोन फायनल, पण तेव्हा वेम्बली पाडून नवीन बांधत होते म्हणून दोन्ही कार्डिफला झाल्या, म्हणजे पाच वर्षांत एकदा वेम्बलीचं दर्शनसुद्धा नाही. आणि २०११ ला शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर ३-० हरून टीम पुन्हा लीगबाहेर. ह्या वेळी मात्र लगेच परत आली नाही.

एक गोष्ट ते कधी यादीत मोजायचे नाहीत, पण ग्राउंडवर ती समोरच असायची. एका स्टँडचं नाव स्टेसी-वेस्ट. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या ग्राउंडवर आग लागून ५६ माणसं गेली, समोरची टीम लिंकनची होती, आणि लिंकनहून मॅच बघायला गेलेले दोघं परत आले नाहीत, त्यांची ती नावं. त्या स्टँडकडं बोट करून आजोबा एवढंच म्हणाले की मॅच हरणं ही वेगळी गोष्ट आहे.

तर असा माणूस टेबल बघत नाही.

मे २०१६ मध्ये कावली बंधू आले. डॅनी मॅनेजर, निकी त्याचा असिस्टंट. डॅनी एसेक्समध्ये शाळेत पीटी शिकवायचा, आणि शाळा सांभाळूनच त्यानं आधी कॉनकॉर्ड रेंजर्स आणि मग ब्रेनट्री ह्या छोट्या क्लबांना वर वर नेलं होतं. लिंकनसाठी त्यानं मास्तरकी सोडली. पीटीच्या मास्तरचं महत्त्व मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला सांगायला नको, शिट्टी वाजली की पोटात कळ आली असली तरी पळायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे दिसलं ते हेच, ही टीम ऐंशीव्या मिनिटानंतरही पळत होती. समोरच्यांचे पाय जड झालेले आणि आमचे अजून पहिल्या मिनिटासारखे. पुढं मॅट रीड, सहा फूट चार इंच, हवेतला कुठलाही बॉल आधी त्याच्या डोक्याला लागणार, आणि बाकीचे तो कुठं पडतो तिथं आधीच धावत सुटलेले. फार देखणा खेळ होता असं मी म्हणणार नाही. पण कष्ट दिसायचे, आणि कारखान्यात हयात गेलेल्या माणसांना कष्ट लगेच ओळखता येतात.

गाव कसं बदललं ते सांगायला मला एकच जागा पुरते, हाय स्ट्रीटवरचं रेल्वे फाटक. गावाच्या मधोमध, बाजारातून ग्राउंडकडं जाताना ते लागतंच, आणि फाटक पडलं की दोन्ही बाजूंना माणसं थटून उभी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तिथं शनिवारी दुपारी लाल-पांढरा मफलर क्वचित दिसायचा, त्या सीझनला दहा हजारांच्या ग्राउंडवर सरासरी अडीच हजार माणसं यायची, तुमच्या पुढची रांग रिकामी, मागची रिकामी, खेळाडूंनी एकमेकांना हाका मारलेल्या ऐकू यायच्या. २०१६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फाटकात मफलर वाढायला लागले. मग पोरं आली, बापाच्या खांद्यावर. मग ऑफिसमधले ते लोक ज्यांनी मला आदल्या वर्षी विचारलं होतं की तू तिथं का जातेस. अनोळखी माणसं फाटकात एकमेकांना विचारायला लागली, आज काय वाटतं? आणि उत्तर काय, तर खांदे उडवायचे, बघू या. पण ते बघू या म्हणताना ओठांच्या कडा वर जायच्या, त्या लपत नसत. सीझन संपला तेव्हा सरासरी दुप्पट होऊन पाच हजारांच्या वर गेली होती.

त्याच सुमाराला आजोबांची नात यायला लागली. आठ वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली, डोक्यावर तिच्या मापापेक्षा मोठी टोपी. आमच्या दोघांच्या मधल्या सीटवर बसायची आणि हाफ टाइमला मी नेलेलं भडंग खायची, तिखट लागलं की तोंडानं वारा घ्यायचा आणि परत हात पुढे. तिला यादीतलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या जगात लिंकन सिटी ही जिंकणारी टीम होती, इतकं साधं. पाऊस पडला की ओलं होतं तसं शनिवार आला की लिंकन जिंकते. ती जाताना विचारायची, "पुढच्या वेळी कितीनं जिंकणार?" जिंकणार का असं नाही, कितीनं. आणि आजोबा, जे माझ्या फोनवर पंजा ठेवायचे, ते तिच्या तोंडावर कधीच हात ठेवायचे नाहीत. म्हणायचे, "तू सांग." ती सांगायची, सातनं.

एकदा ती टॉयलेटला गेली असताना मी विचारलं, तिला का नाही सांगत तुम्ही, बोलू नको म्हणून? म्हणाले, तिनं अजून हरायला सुरुवात कुठं केलीय, करू दे की तोवर. आणि मग खाली बघत म्हणाले, "कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवंच ना."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तोवर मला वाटायचं की कोल्हापूरची आशा वेगळी आणि ही वेगळी, आमची मोकळी आणि यांची कोंडलेली. पण मग आण्णा आठवले. आण्णासुद्धा फोनवर गुलाल आपलाच म्हणतात, पण स्टेडियममध्ये पेनल्टी असली की तोंड फिरवून भिंतीकडं बघतात, दादा सांगतो. चौकात ओरडणारी पोरं आणि भिंतीकडं बघणारा म्हातारा एकाच पेठेत राहतात. ज्यानं पाहिलेलं असतं त्याला भीती सांभाळायची असते आणि ज्यानं पाहिलेलं नसतं त्यानं आवाज करायचा असतो, आणि दोघांना एकमेकांची गरज असते. आजोबांना आशा नव्हती असं अजिबात नाही, उलट ग्राउंडवर सगळ्यात जास्त आशा त्या माणसाच्या अंगात होती, इतकी की ती सांडू नये म्हणून तो हलतसुद्धा नव्हता.

डिसेंबरात मी कोल्हापूरला आले तेव्हा आण्णांनी जोतिबाचा गुलाल कागदाच्या पुडीत बांधून दिला. मी तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. परत गेल्यावर आजोबांना दाखवला, कशासाठी असतो ते सांगितलं. त्यांनी पुडीला हात लावला नाही. म्हणाले, "खिशातच ठेव."

मग जानेवारी. एफए कपमध्ये, म्हणजे लहानमोठे सगळे क्लब खेळतात त्या बाद फेरीच्या स्पर्धेत, टीम तिसऱ्या राउंडपर्यंत पोचली होती आणि समोर इप्सविच, तीन पायऱ्या वरच्या डिव्हिजनमधली. त्यांच्या ग्राउंडवर २-२, त्यामुळं मंगळवारी १७ तारखेला लिंकनमध्ये रिप्ले. आणि मध्ये १२ तारखेला ग्रॅहम टेलर गेले. जगाला ते इंग्लंडचे मॅनेजर म्हणून माहीत, लिंकनला ते १९७२ मध्ये अठ्ठावीस वर्षांचे असताना क्लब हातात घेतलेला पोरगा म्हणून माहीत. १९७५-७६ ला त्यांनी चौथी डिव्हिजन जिंकून दिली, १११ गोल आणि ७४ पॉइंट्स, जिंकल्यावर दोनच पॉइंट मिळायचे त्या काळात. आजोबा तेव्हा तिशीत. त्यांच्या यादीत दुःखांची पानं होती, पण सुखाचं जे एक पान होतं ते हे. आणि एफए कपच्या चौथ्या राउंडमध्ये लिंकन शेवटची गेली होती तीसुद्धा १९७६ ला, त्यांच्याच हाताखाली.

त्या रात्री नऊ हजार माणसं होती. थंडी अशी की बोव्हरिलचा कप ओठाला लावेपर्यंत कोमट. मॅचच्या आधी टेलरसाठी टाळ्या वाजल्या, आणि आजोबा टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, नातीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि स्वतः दुप्पट जोरात वाजवायला लागली. ०-० चाललं. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. एक्स्ट्रा टाइम होणार म्हणून मी हातमोजे घालत होते आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला नेथन अर्नोल्ड एकटा सुटला. पुढं फक्त गोलकीपर. तो त्याला वळसा घालून बाहेर गेला आणि क्षणभर मला वाटलं की फार बाहेर गेला, आणि मग बॉल रिकाम्या जाळीत. आवाज मला आठवतच नाही. आठवतो तो आजोबांचा हात, माझ्या मनगटाभोवती, ते अर्धं बोट मनगटाच्या हाडावर रुतलेलं, दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं.

कोल्हापुरात रात्री तीन-साडेतीनला आण्णा जागे होते. मी हॅलो म्हणायच्या आधी, "ऐकू आलं गं इथवर."

मग ब्रायटन ३-१, आणि मग १८ फेब्रुवारीला पाचव्या राउंडमध्ये बर्नली. प्रीमियर लीगची टीम, त्यांच्याच ग्राउंडवर. तीच बर्नली जी त्या १९८७ च्या सकाळी तळाला होती. आजोबा बसनं गेले, मी गावात पबमध्ये टीव्हीवर बघितली. ८९ व्या मिनिटाला शॉन रॅगेटचं हेडर, गोलकीपरनं काढलं पण तोवर बॉल रेषेच्या आत जाऊन आलेला, रेफरीच्या घड्याळानं कळवलं की गोल. लिंकनमध्ये कुणी न सांगता लोक रस्त्यावर आले. १९१४ नंतर एफए कपची क्वार्टर फायनल गाठणारा नॉन-लीगमधला हा पहिला क्लब. जगभरच्या पेपरांत आलं, दादानं मला मराठी पेपरातलं कात्रण पाठवलं. आजोबा रात्री उशिरा परत आले, दुसऱ्या दिवशी भेटले तर मला वाटलं आता तरी काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "ह्या वेळी बसमध्ये सगळे बोलत होते."

आर्सेनलला ५-० हरलो. त्याबद्दल जास्त काही नाही. लंडनला नऊ हजार माणसं गेली, पहिला हाफ संपायला येईपर्यंत ०-० होतं, आणि पाच गोल खाल्ल्यावरही आपल्या कोपऱ्यातली माणसं गात होती. नातीनं पाहिलेला पहिला मोठा पराभव. मला तिची काळजी वाटत होती. ती बसमध्ये खिडकीला डोकं लावून बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं, "पुढची मॅच कधी आहे?" आजोबांनी तिच्याकडं पाहिलं तसं मी त्यांना कुणाकडं बघताना पाहिलेलं नाही.

बाहेरच्या लोकांना ही गोष्ट इथं संपली असं वाटतं, कप झाला, छान पळाली टीम, टाळ्या. गावासाठी खरी भीती इथून पुढं सुरू झाली. कप हा पाहुण्यासारखा, आला, गेला. लीग म्हणजे घर. नॅशनल लीगमधून चोवीस टीमपैकी फक्त पहिली सरळ वर जाते, आणि बाकीच्यांतून एकच प्ले-ऑफनं, आणि प्ले-ऑफ हा शब्द लिंकनमध्ये कुणाला ऐकायचा नव्हता. कपच्या नादात लीगच्या मॅचेस मागं पडलेल्या, त्या आता शनिवार-मंगळवार-शनिवार अशा खेळायच्या, तेच पाय, तेच पंधरा-सोळा खेळाडू. मागून ट्रॅनमिअर येतेय. ऑफिसमध्ये लोक आकडे मांडायचे, आपल्या इतक्या मॅचेस शिल्लक, त्या जिंकल्या तर इतके पॉइंट्स. आजोबांना हे अजिबात चालायचं नाही. पॉइंट हातात असतो, मॅच हातात नसते, ती अंगावर असते, असं त्यांचं म्हणणं. मी आयुष्यभर डेडलाइन आणि प्लॅनिंगचं काम केलंय, पण याच्याइतकं खरं काही मी प्रोजेक्ट मीटिंगमध्ये ऐकलेलं नाही.

मार्च संपला. मी विचारलं, आता टेबल बघायचं का? म्हणाले, तू बघ. मी बघितलं आणि सांगितलं नाही.

२२ एप्रिल २०१७, मॅकल्सफील्ड, घरच्या मैदानावर. जिंकलो तर दोन मॅचेस बाकी असतानाच चॅम्पियन. त्या दिवशी फाटक पडलेलं, दोन्ही बाजूंना इतकी माणसं की फाटक उघडल्यावर जत्रेतल्यासारखं ढकललं जात पलीकडं गेलो. टेरी हॉकरिजनं दोन गोल केले. २-१. शेवटची दहा मिनिटं आजोबा उभे होते आणि मैदानाकडं बघत नव्हते, कॅथेड्रलकडं बघत होते. आण्णा आणि भिंत. शिट्टी झाली आणि लोक मैदानावर उतरले, मागून रेटा आला, मी रेलिंगवर दाबली गेले, आणि खिशात काहीतरी फुटल्यासारखं झालं. हात घातला तर बोटं गुलाबी. पुडी फाटून अस्तरभर गुलाल.

मी बोटं तशीच धरून आजोबांना विचारलं, "आता चालेल?"

त्यांनी स्कोअरबोर्ड बघितला. मग रेफरी बोगद्यातून आत जाईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. मग टोपी काढली आणि कपाळ पुढं केलं.

नातीला दोन्ही गालांवर हवा होता. अस्तर खरवडून खरवडून मी आजूबाजूच्या किती जणांना लावला देव जाणे, कुणी विचारलं नाही हे काय आहे म्हणून, कपाळ पुढं करायचे. आण्णांना व्हिडिओ कॉल लावला तर त्यांना त्या गर्दीत मी दिसलेच नाही, त्यांना पहिल्यांदा दिसला तो एक पांढऱ्या केसांचा गोरा म्हातारा, कपाळावर जोतिबाचा गुलाल, आणि आण्णा तिकडून ओरडले, "नाद खुळा!" आजोबांना शब्द कळला नाही पण त्यांनी तुटकं बोट वर करून सलाम केला. ९९ पॉइंट्सवर सीझन संपला, ट्रॅनमिअर ९५. मी टेबलचा फोटो काढून ठेवलाय.

पुढचं वर्ष लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर. एप्रिल २०१८ ला क्लब आपल्या इतिहासात पहिल्यांदा वेम्बलीवर खेळला, चेकाट्रेड ट्रॉफी ह्या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांच्या कपची फायनल, श्रूझबरीला १-० हरवलं, एलियट व्हाइटहाउसचा गोल, लिंकनची पंचवीस हजारांच्या वर माणसं तिथं होती, म्हणजे गावातलं चौथं माणूस. त्या दिवसावर मी कधीतरी वेगळं लिहीन. आणि लीगमध्ये सातवा नंबर आला. सातवा नंबर म्हणजे प्ले-ऑफ.

समोर एक्सेटर. घरी ०-०. दुसरी मॅच गुरुवारी रात्री तिकडं, त्यामुळं आजोबांच्या घरी टीव्हीवर बघायची ठरली. महिनाभरात माझं प्रोजेक्ट संपणार होतं, सामान बांधायला काढलेलं. मी भडंग केलं, ह्या वेळी नातीच्या हट्टानं लसूण जास्त. ३-१ हरलो. टीव्हीवर एक्सेटरची माणसं मैदानात धावत होती, आजोबांनी आवाज बंद केला पण चित्र बंद केलं नाही.

कुणी काही बोलेना. मग आजोबांनी सवयीनं डावा हात वर केला आणि मोजायला लागले, अगदी हळू, स्वतःशीच. २००३. २००४. २००५. २००६. २००७. पाची बोटं संपली आणि हात तसाच हवेत राहिला.

नात सोफ्यावर त्यांच्या शेजारी सरकली. आता दहा वर्षांची, दात आलेले. तिनं आपला अंगठा त्यांच्या करंगळीला चिकटवला.

"सहा," म्हणाली. मग, "आजोबा, ऑगस्टमध्ये पहिली मॅच घरी आहे की बाहेर?"